यादीत चौथ्यांदा नाव नाही

प्रश्न : एमपीएससीत चौथ्यांदा अपयश आलं. वय २९. पुण्यातली खोली सोडून गावी आलोय. दिवसभर पडून असतो. उमेद कुठून आणू?

उत्तर : उमेद आली की उठेन, अशी वाट पाहू नका. निराशेत आधी हातपाय हलवावे लागतात, मन मागून येतं. उद्या सकाळी घरातल्या कुणासोबत चालून या, एवढंच ठरवा. परवाचं परवा. वर्षं वाया गेली का, हा हिशेब आज नकोच. थकलेलं मन तो चुकीचा मांडतं. झोप, भूक दोन आठवडे बिघडलेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटला, तर त्याच क्षणी घरी सांगा आणि ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.