मुलाचें खातें आणि आईबापांची संमति

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लहान मुलाचें नांव लागतें, तेव्हां त्यासोबत "अ. पा. क." अशीं अक्षरें घालून आईचें किंवा बापाचें नांव लिहितात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें आहे. अज्ञानाचें पालन करणारा, असा त्याचा अर्थ. जमीन मुलाची खरी, परंतु ती राखण्याची जबाबदारी सज्ञान मनुष्याची. आतां आपल्या मुलांचीं नांवें दुसऱ्याच एका वहींत लागूं लागलीं आहेत. मोबाईलवर खेळाचें, चित्रफितींचें किंवा संदेशांचें खातें उघडलें, कीं मुलाचें नांव, जन्मतारीख व छायाचित्र, तें काय पाहतें, कोणाशीं बोलतें, ही माहिती खातें चालविणाऱ्या कंपनीकडे जमा होऊं लागते. तेथें अ. पा. क. कोण? या प्रश्नाचा आज आपण अभ्यास करूं.

१. हा नियम कशासाठीं?

१८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणें अज्ञान मनुष्य करार करण्यास पात्र नाहीं. कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलानें सावकाराला आपलीं घरें गहाण लिहून दिलीं होतीं; १९०३ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तें गहाणखत रद्दबातल ठरविलें. तत्त्व साधें आहे. ज्याला व्यवहाराचा परिणाम कळत नाहीं, त्याच्या सहीवर कोणीं आपला फायदा करून घेऊं नये. "मला मान्य आहे" या शब्दांवर बोट दाबणें हीही एक सहीच होय.

हें तत्त्व मोबाईलच्या व संगणकाच्या खात्यांना प्रथम अमेरिकेनें लावलें. तेथें १९९८ सालीं कायदा झाला व एप्रिल २००० पासून तो अमलांत आला. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची संमति घ्यावी, असें त्यानें ठरविलें. युरोपांत मे २०१८ पासून ही मर्यादा सोळा वर्षांची झाली. मात्र एखाद्या राष्ट्रास ती तेरापर्यंत खालीं आणण्याची मोकळीक आहे.

२. आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो?

भारतांत डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्यें झाला, व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. संमतीविषयींचे नियम त्यानंतर अठरा महिन्यांनीं, म्हणजे मे २०२७ मध्यें, लागू व्हावे असें त्या वेळीं ठरलें. त्यांतील मुख्य गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली, अठरा वर्षें पूर्ण न झालेला प्रत्येक जण या कायद्याच्या दृष्टीनें मूल आहे. दुसरी, त्याची माहिती वापरण्यापूर्वीं आईची, बापाची किंवा कायदेशीर पालकाची पडताळून पाहतां येईल अशी संमति कंपनीनें घेतली पाहिजे. तिसरी, मुलाच्या हालचालींवर पाळत ठेवून त्याला भुरळ घालणाऱ्या जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. आणि ज्यानें मुलाचें अहित होण्याचा संभव आहे असा माहितीचा वापर संमति मिळाली तरीही करतां येत नाहीं. हीं कर्तव्यें मोडल्यास दोनशें कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. शाळा, दवाखाने इत्यादींना त्यांच्या कामापुरती कांहीं सूट आहे.

आणखी दोन गोष्टी आपल्या विशेष उपयोगाच्या आहेत. संमतीची मागणी इंग्रजींत, किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील बावीस भाषांपैकीं कोणत्याही भाषेंत वाचावयास मिळण्याची सोय असली पाहिजे. त्यांत मराठी आहे. आणि दिलेली संमति परत घेतां येते. ती देणें जितकें सोपें, तितकेंच परत घेणेंही सोपें असलें पाहिजे.

३. पडताळणी कशी होते?

संमति देणारा मनुष्य खरोखर सज्ञान आहे याची खात्री कंपनीनें करावयाची आहे. आई किंवा बाप त्याच कंपनीचा खातेदार असून त्याची ओळख व वय पूर्वींच नोंदलेलें असेल, तर त्यावरून खात्री करतां येते. तसें नसेल तर पालक आपली ओळख व वय स्वतः देऊं शकतो, किंवा सरकारी डिजिलॉकरसारख्या व्यवस्थेकडून त्याची खूण मिळवितां येते.

येथें एक गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनीं लक्षांत घ्यावी. आईबाप कारखान्यावर व मुलें गांवीं आजीपाशीं, अशीं घरें पुष्कळ आहेत. आजी मुलांना सांभाळते, तरी तेवढ्यानें ती कायदेशीर पालक होत नाहीं. म्हणून खात्याची संमति आईनें किंवा बापानेंच द्यावी, आणि आजीनें रोजचें लक्ष ठेवावें, हें बरें.

४. कायद्याचा हात कोठें थांबतो?

संमति देणारा सज्ञान आहे कीं नाहीं, एवढें कंपनी तपासूं शकते. त्याला काय कळलें हें ती तपासूं शकत नाहीं. सातवींतला मुलगा आईचा फोन हातांत घेतो, फोनवर आलेला आंकडा स्वतःच वाचून भरतो, आणि स्वयंपाक करणाऱ्या आईला म्हणतो, "आई, इथं फक्त बोट लाव." कागदोपत्रीं संमति आईची झाली, परंतु ती वस्तुतः मुलानेंच मुलाला दिली.

याहून मोठें नुकसान खोट्या जन्मसालानें होतें. फेसबुक व इन्स्टाग्राम यांच्या स्वतःच्या नियमांप्रमाणेंही तेरा वर्षांखालील मुलाला खातें उघडतां येत नाहीं. म्हणून मूल दहा वर्षांचें असतां वीस वर्षांचें म्हणून लिहिलें जातें, आणि पुष्कळदां तो आंकडा मोठा भाऊ किंवा बापच घालून देतो. याचा परिणाम काय? कंपनी त्या मुलास प्रौढ समजून वागते. प्रौढांच्या जाहिराती त्याच्यापुढें येतात, आणि त्याच्यासाठीं घातलेलीं बंधनें त्याच्या खात्याला लागत नाहींत. ढाल मुलासाठीं केली, आणि ती आपणच त्याच्या हातांतून काढून घेतली. शिवाय खोटें लिहिल्यावांचून काम होत नाहीं, हा धडा मुलाला घरांतच मिळाला, तर पुढें त्याला खरें बोल असें आपण कोणत्या तोंडानें सांगावें?

५. घरीं काय करावें?

मागणी मराठींत उघडून मोठ्यानें वाचावी. स्वतःस वाचतां येत नसेल, तर मुलाखेरीज दुसऱ्या विश्वासू सज्ञान मनुष्याकडून वाचून घ्यावी. ही कोणती माहिती मागते व कशासाठीं, हें समजल्यावांचून बोट लावूं नये. फोनवर आलेला गुप्त आंकडा मुलास सांगूं नये. जन्मसाल खरेंच लिहावें. वय बसत नसेल तर थांबावें. पूर्वीं खोटें लिहिलें असेल, तर तें खातें मुलाबरोबर बसून दुरुस्त किंवा बंद करावें. नको असलेली माहिती पुसून टाकण्यास आधीं कंपनीला लिहावें. तिनें दाद न दिल्यास पुढें डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करण्याची वाट या कायद्यानें घालून दिली आहे.

"नाहीं" म्हणावयाचें असेल तेव्हां कारण सांगावें. कारण न सांगतां अडविलेलें मूल मित्राच्या फोनवर तेंच करतें, आणि तेथें त्याला विचारणारें कोणी नसतें. संमति एकदां देऊन संपत नाहीं. जमिनीचा अ. पा. क. जसा वर्षानुवर्षें बांधावर जाऊन पाहतो, तसें मुलाच्या खात्याकडेही वेळोवेळीं पाहत राहिलें पाहिजे.

कुटुंबांत विचार करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या घरांतील मुलांचीं खातीं कोणतीं, व त्यांत जन्मसाल कोणतें लिहिलें आहे?
२. मागील वेळीं "मला मान्य आहे" यावर बोट कोणीं लावलें, आणि मजकूर कोणीं वाचला?
३. अनोळखी मनुष्याचा संदेश आला, तर आपलें मूल तें प्रथम कोणाला सांगेल? आपणांस सांगणार नसेल, तर कां?