थेंब गार होतो आणि परजीवी जागा होतो

६ नोव्हेंबर १८८० चा दिवस. अल्जीरियातील कॉन्स्टंटीन येथील लष्करी रुग्णालयात आल्फोन्स लाव्हरां हे फ्रेंच डॉक्टर हिवतापाच्या रोग्याचे ताजे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. एका गोल कणाच्या कडेला बारीक शेपट्या दिसल्या. त्या चाबकासारख्या वळवळत होत्या. रक्तात काहीतरी जिवंत आहे, हे त्यांनी ओळखले. हिवतापाचा परजीवी सापडला तो असा. पण पुढे एक कोडे उभे राहिले. शरीरात वाहणाऱ्या रक्तात या शेपट्या नसतात. थेंब काचपट्टीवर आला की काही मिनिटांनी त्या फुटतात. असे का व्हावे?

यासाठी आधी परजीवीचे जीवनचक्र पाहू. प्लास्मोडियम हा एकपेशीय जीव. ॲनाफिलीस डासाची मादी चावली की तो माणसाच्या अंगात शिरतो, प्रथम यकृतात वाढतो आणि मग तांबड्या रक्तपेशींत घुसतो. तेथे एकाचे अनेक होतात, पेशी फुटते आणि बाहेर पडलेले परजीवी नव्या पेशी गाठतात. फाल्सिपेरम या घातक जातीत हा फेरा सुमारे ४८ तासांचा असतो. पेशी फुटतात तेव्हा ताप चढतो.

मात्र थोडे परजीवी वेगळी वाट धरतात. त्यांच्यापासून नर व मादी युग्मकजनक पेशी तयार होतात. जनुकांचा संच तोच असतो. कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, एवढाच फरक. या बदलाची मुख्य कळ म्हणजे एपी२-जी हे जनुक, असे २०१४ मध्ये दिसून आले. फाल्सिपेरमच्या युग्मकजनक पेशी पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात. त्यानंतर त्या रक्तात नुसत्या वाट पाहत फिरतात.

कशाची वाट? डास चावण्याची! डासाच्या पोटात रक्त गेले की दोन गोष्टी घडतात. पहिली, ३७ अंश सेल्सियसचे रक्त काही अंशांनी गार होते. दुसरी, डासाच्या शरीरातील झँथुरेनिक आम्ल त्यात मिसळते. या द्रव्याची ओळख १९९८ मध्ये पटली. दोन्ही खुणा मिळताच परजीवीच्या पेशीतील कॅल्शियम काही सेकंदांत वाढते. नर पेशीतील डीएनए तीनदा दुप्पट होते: एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा-पंधरा मिनिटांत आठ शेपटीदार नर युग्मके बाहेर पडतात. लाव्हरांना दिसल्या त्या शेपट्या याच. त्या नर युग्मके आहेत हे १८९७ मध्ये मॅकॅलम यांनी ओळखले. कावळ्याच्या रक्तातील एका जवळच्या परजीवीत अशी शेपटी मादी पेशीत शिरताना त्यांनी पाहिली.

आता कोड्याकडे वळू. काचपट्टीवर डास नाही, मग झँथुरेनिक आम्ल कोठून आले? ते आलेच नाही. थेंब हवेत उघडा पडला की गार होतो, हे उघड आहे. शिवाय रक्तात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि थेंबाची आम्लता कमी होते. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसेच! गारव्याच्या जोडीला ही दुसरी खूणही परजीवीला पुरते.

एकाच खुणेवर का भागत नाही? थंडीत आपल्या बोटांतले रक्तही गार होते. नुसत्या गारव्याने युग्मके बाहेर पडली, तर ती माणसाच्या शरीरातच वाया जातील. दोन किल्ल्यांच्या कुलपामुळे अशी चूक टळते, असे समजता येईल.

यातून आपल्याला एक धडा मिळतो. ताप उतरवणाऱ्या बहुतेक औषधांचा फाल्सिपेरमच्या पक्व युग्मकजनक पेशींवर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे बरा झालेला, हिंडणारा-फिरणारा माणूसही डासांना रोग देऊ शकतो. त्याच्यापासून शेजाऱ्याला, घरच्या लहानग्याला धोका असतो. म्हणूनच फाल्सिपेरमच्या उपचारात डॉक्टर प्रायमाक्विन हे औषधही देतात. ते सर्वांना चालत नाही, म्हणून मनाने घेऊ नये. पण डॉक्टरांनी दिलेली औषधे ताप गेला म्हणून अर्धवट सोडूही नयेत.

आता तुम्हीच विचार करा: काचपट्टी ३७ अंशांवर ठेवली आणि थेंब हवाबंद केला, तर लाव्हरांना शेपट्या दिसल्या असत्या का? उत्तर कारणासह वहीत लिहा आणि वर्गात त्यावर चर्चा करा.