विदिशेच्या अवशेषांतील जमाखर्च

प्राचीन नगरांचे भग्नावशेष म्हटले म्हणजे इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या रोमन पाँपेईचे स्मरण होते. परंतु आम्हां भोपाळकर व्यापाऱ्यांच्या दाराशीच, सुमारे ५५ किलोमीटरांवर, बेतवा व बेस या नद्यांच्या संगमाजवळ विदिशा ही पुरातन व्यापारी नगरी होती. तिचे अवशेष पाहताना व्यापाऱ्याने काय ध्यानी घ्यावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम बेसनगरचा गरुडस्तंभ पाहावा. लोक त्यास ‘खांबबाबा’ म्हणतात. तक्षशिलेहून आलेला ग्रीक वकील हेलिओडोरस याने तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वासुदेवाप्रीत्यर्थ उभारला. नंतर उदयगिरीच्या विसाव्या गुहेत जावे. तेथील शिलालेखात गुप्त संवत् १०६ म्हणजे इ. स. ४२५-२६ मध्ये भगवान पार्श्वनाथांची प्रतिमा स्थापिल्याचा उल्लेख आहे.

तेथून सांचीस यावे. दक्षिण तोरणावरील काही कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे तेथेच लिहिले आहे. त्याच तोरणाची एक तुळई सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याने दिली. इतर दात्यांत श्रेष्ठी व वाणी यांची नावे आहेत. राजाच्या खजिन्याबरोबर बाजारपेठेची गाठही येथे सुटली होती.

परंतु आम्हांस खरा धडा मिळाला तो मोठ्या स्तूपाच्या कठड्यावरील एका लेखात. गुप्त संवत् १३१ म्हणजे इ. स. ४५०-५१ मध्ये हरिस्वामिनी नामक उपासिकेने संघाकडे १२ दीनार ठेविले. त्यांच्या व्याजातून रोज एका भिक्षूस भोजन मिळावे. आणखी ३ दीनारांच्या व्याजातून रत्नगृहात ३ दिवे, व १ दीनाराच्या व्याजातून बुद्धासनाच्या जागी १ दिवा. ‘दीनार’ हा शब्द रोमन ‘देनारियस’वरून आलेला. हिशेब पाहा : एका दीनाराच्या व्याजात एक दिवा, आणि एका भोजनास बारा दिव्यांइतकी ठेव! मुद्दल मात्र अक्षय. म्हणून तिचे नाव ‘अक्षयनीवी’.

हे वाचून आम्ही खजील झालो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या धर्मादाय ठेवीतून इमारतीसाठी मुद्दल काढावे, असा आग्रह आम्हीच धरला होता. इमारत उभी राहिली. परंतु व्याज आटले आणि गरीब विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती तीन वर्षे बंद पडली. त्यांतील एकाने शिक्षण सोडून आमच्याच गोदामात पोती मोजण्याचे काम धरले. तो रोज समोर दिसे. तथापि आम्ही त्याचा संबंध आपल्या त्या आग्रहाशी कधी जोडला नव्हता.

पेढीवर आपण मुद्दल व व्याज ही खाती कधी एक करीत नाही. मग धर्मादाय खात्यातच तो नियम का सुटावा? इमारतीसाठी निराळी वर्गणी करावी. ठेवीस हात लावू नये. विदिशेचे वाडे मातीस मिळाले, परंतु तिच्या परिसरातील एका गृहिणीने लिहून ठेविलेला जमाखर्च आजही वाचता येतो. आपल्या वह्या पुढील पिढीस वाचावयास लाज वाटू नये, इतकीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.