एक बोरू, दोन लिप्या

छापील पुस्तकातला 'क' नीट पाहा. त्याच्या रेषा कुठे जाड आहेत, कुठे बारीक. उर्दूच्या 'बे'चेही तसेच. पण तुम्ही दोन्ही भाषा बॉलपेनने लिहिता, आणि बॉलपेनची रेघ सगळीकडे सारखीच उमटते. मग हा जाड-बारीकपणा आला कोठून?

रोह्याजवळ वरसे येथे मी हा पाठ फळ्यावर शिकवला. तास संपेपर्यंत निम्मी मुले जांभया देत होती. चूक माझीच! हाताने करायची कला मी तोंडाने शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी मुलांनी बांबूच्या बारीक काड्या आणल्या आणि आम्ही बोरू तयार केले.

तुमचे आजोबा ज्याला कलम म्हणत, तोच हा बोरू. पेन्सिलीएवढी जाड, वाळलेली काडी घ्या. चाकू मात्र मोठ्या माणसाच्याच हाती द्या. एक टोक तासून चपटे करावे व मधोमध लहानशी चीर द्यावी. तिच्यातून शाई खाली उतरते. मग टोक तिरपे छाटावे. या छाटणीला कातिब 'कत' म्हणतात. शाई काजळी आणि डिंकाच्या पाण्याची करता येते. दौत, शाई, कागद हे शब्द मराठीत अरबी-फारसीतूनच आले, तेव्हा ते तुम्हांला पाठ करावे लागणार नाहीत!

आधी नुकते काढा. नस्तालीकमध्ये अलिफची उंची साधारण तीन नुकत्यांएवढी असते. म्हणजे मोजपट्टी बोरूच्या टोकातच आहे. मुंबईची उर्दू वर्तमानपत्रे 1980 च्या दशकापर्यंत कातिब अशीच हाताने लिहीत. देवनागरीतही सुलेखनकार र. कृ. जोशी (1936-2008) यांनी हाताच्या अक्षरांचा अभ्यास केला. संगणकावरचे 'मंगल' हे अक्षर त्यांचेच.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या मराठी वहीत लाल शेरे फार. तो वही लपवीत असे. बोरूने घाई करता येत नाही, केली की डाग पडतो. त्याने पानभर 'क' काढले. शेवटचा 'क' मी भिंतीवर लावला. पुढच्या परीक्षेत त्याचे गुण फारसे वाढले नाहीत, हे खरे. पण वही लपवणे थांबले.

त्याच दिवशी एका मुलीने विचारले, "सर, उर्दू लिहिताना ओल्या शाईवर हात लागतो, मराठी लिहिताना लागत नाही. असे का?"

उत्तर मी सांगितले नाही. तुम्ही दोन्ही ओळी लिहून पाहा.