मूकपटातील सुलोचना आणि भाषेचा पाठ

भाषेला वाहिलेल्या वार्षिकात मूकपटातील अभिनेत्रीचे काय काम, असे कोणीही विचारील. तरीही सीमाभागातील माझ्या पदवीच्या वर्गात मी सुलोचनाबाईंची कारकीर्द भाषेचा पाठ म्हणूनच शिकवते.

सुलोचना म्हणजे रूबी मायर्स. १९०७ साली पुण्यात, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत असताना दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी त्यांना कोहिनूर फिल्म कंपनीत आणले. पुढे त्या इंपिरिअलमध्ये गेल्या. ‘टायपिस्ट गर्ल’ (१९२६), आठ भूमिकांचा ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) आणि ‘अनारकली’ (१९२८) यांनी त्यांना अफाट लोकप्रियता दिली.

मूकपटात संवाद पाट्यांवर येत, तेही बहुधा एकाहून अधिक भाषांत. नायिका घरी काय बोलते, हे प्रेक्षकाला कळण्याचे कारण नव्हते. १४ मार्च १९३१ रोजी इंपिरिअलचाच ‘आलम आरा’ झळकला आणि हे अभय संपले. त्या पहिल्या बोलपटाची नायिका होती झुबेदा. सुलोचनाबाईंचे हिंदुस्थानी कच्चे होते. त्यांनी सुमारे वर्षभर काम थांबवून भाषा शिकून घेतली आणि ‘माधुरी’तून (१९३२) त्या परतल्या. १९३५ च्या बोलक्या ‘अनारकली’च्या नायिकाही त्याच. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९८३ साली त्यांचे निधन झाले.

अभिनयाची समज त्यांच्याजवळ आधीपासून होती. कमी होती ती नव्या भाषेची सवय. या दोहोंतला फरक मला उशिरा कळला. काही वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत घरी कन्नड बोलणारी एक विद्यार्थिनी कवितेवर बोलत होती. ‘चाक’, ‘जाळे’ यांतील च आणि ज ती तालव्य उच्चारी. मी तिला दोनदा थांबवले, गुणही कापले. तिसऱ्यांदा ती गप्पच झाली. तिचा मुद्दा काय होता, हे मला आजही ठाऊक नाही.

आता मी आशयाचे गुण आधी देते. उच्चारांचा सराव निराळ्या तासाला घेते. प्रमाण उच्चार शिकवायलाच हवा, पण सुलोचनाबाईंना मिळाला तसा वर्षभराचा अवधी आपल्या विद्यार्थ्यांनाही मिळाला पाहिजे.