डॉक्टर न होताही मधुमेहावर काम

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२! अंगकाठीने बारीक असलेल्या भारतीयाला शुगर का होते, याचा अर्धा उलगडा त्या फोटोतच होता.

उरलेला अर्धा इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशास्त्रात सापडतो. चरबी वाढली की तिच्यात मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशी गोळा होतात. जंतू कुठेच नसतो, तरी मंद दाह सुरू राहतो आणि त्यातून सुटणारी रसायने इन्सुलिनचे काम अडवतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीतून असे एक रसायन, टीएनएफ-अल्फा, पाझरते हे १९९३ मध्ये दिसले. मॅक्रोफेजचा पत्ता २००३ मध्ये लागला. पुढे २०११ मध्ये अमेरिकेत विश्व दीप दीक्षित यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवले, की एनएलआरपी३ नावाची प्रथिन-यंत्रणा हा दाह पेटवते. दीक्षित मूळचे पशुवैद्य, शिक्षण हरियाणातल्या हिसारला. कोलकात्यात याच विषयावर काम करून २०२२ चा भटनागर पुरस्कार मिळवणारे दीप्यमान गांगुली मात्र एमबीबीएस. या शास्त्रात कुठल्याही एकाच दारातून यावे लागत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्यासारख्या धानपट्ट्यातल्या गावात बारावीला बायोलॉजी घेतली म्हणजे डॉक्टरकीची नीट परीक्षा, हे ठरलेलेच. नंबर नाही लागला की घरात सुतक. पोरगी पुन्हा वर्षभर नागपूरच्या क्लासला, बाप शेत गहाण टाकायच्या विचारात. खरे तर ज्या मुलीला गोळी देण्यापेक्षा ती गोळी शरीरात काय करते याची उत्सुकता जास्त, तिने नीटच्या आधीच दुसरा विचार करावा. पुण्याच्या आयसरमध्ये पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे. त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते. नाहीतर गोंडवाना विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजी, प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्रात बीएस्सी, मग ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. त्यानंतर नेट-जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली, तर पुण्याच्या एनसीसीएससारख्या संस्थेत पीएचडीसाठी अर्ज करता येतो.

पैशाचे काय? जेआरएफला पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडे वेगळे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या दरवर्षी ७५० फेलोशिप आहेत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही मदत करतात. पण पालकांपासून एक गोष्ट लपवू नये. बारावीनंतर पीएचडी हातात पडेपर्यंत दहा-अकरा वर्षे जातात, आणि कायमस्वरूपी प्राध्यापकपदे थोडी आहेत. म्हणून एमएस्सीनंतर लस कंपन्या, निदान प्रयोगशाळा, औषधचाचण्या हेही रस्ते डोळ्यांसमोर असू द्यावेत. तिथे नोकरी करणे म्हणजे हरणे नव्हे.

पीएचडीच्या मुलाखतीत तुमचा प्रश्न कोणता, असे विचारतात. तिथे चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांकडे मोठ्या शहरातल्या मुलाला सहसा न सुचणारा प्रश्न असतो. या भागात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आजार घरोघरी माहीत आहे. मधुमेहाची नेहमीची एचबीए१सी तपासणी तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात हे गृहीत धरते. सिकलसेलच्या रुग्णात त्या काही आठवड्यांतच मरतात. साहजिकच आकडा खोटा कमी येतो आणि शुगर नजरेतून सुटू शकते. शिवाय तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने अशा रुग्णात दाह आधीच असतो. त्यात चरबीच्या दाहाची भर पडली तर काय होते, हा पाच वर्षांच्या पीएचडीला पुरून उरेल एवढा विषय आहे.