व्हिडिओ अडकतोय? डिलीट करण्याआधी थोडं थांबा



गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या दुसरीतल्या एका मुलीने कविता म्हटली. हजेरीच्या वेळी जेमतेम ऐकू येईल असं "हजर" म्हणणारी ही मुलगी त्या दिवशी माईकसमोर उभी राहून अख्खी कविता म्हणून गेली. मी ते मोबाईलवर घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कॉम्प्युटरवर लावून पाहते तर काय, आवाज पुढे आणि चित्र मागे. चित्र थांबायचं, मग एकदम उडी मारायचं. "मॅडम, उडवून टाका, पुन्हा म्हणायला लावू तिला," असं सहकाऱ्यांनी सुचवलं. पुन्हा म्हणायला लावलं असतं तर ती तशीच म्हणाली असती का? मला नाही वाटत. नशीब, उडवला नाही. कारण त्या फाईलमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं!

म्हणून पहिलं काम हे करा. ज्या फोनवर व्हिडिओ घेतला, त्याच फोनच्या गॅलरीत तो लावून बघा. तिथे नीट चालला तर फाईल चांगली आहे, अडचण दाखवणाऱ्या यंत्राची आहे. आजचे बरेच फोन जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी (याचंच दुसरं नाव एच.२६५) या पद्धतीने व्हिडिओ साठवतात. फाईल लहान होते, पण ती उलगडताना कॉम्प्युटरला जास्त मेहनत पडते. शाळेतला जुना कॉम्प्युटर तिथेच धापा टाकतो. आवाजाचं काम हलकं, म्हणून तो पुढे जातो आणि चित्र मागे राहतं.

यावर उपाय सोपे आहेत. आधी व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा. तरी अडकला तर हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात फाईल उघडायची, 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट निवडायचा आणि व्हिडिओच्या टॅबमध्ये 'पीक' ऐवजी 'कॉन्स्टंट' फ्रेमरेट करायचा. ही शेवटची खूण विसरू नका. मोबाईल दर सेकंदाला अगदी मोजून ३० चित्रं घेत नाही, कधी २९, कधी २४ असं चालतं. एडिटिंगच्या काही सॉफ्टवेअरना हे कमीजास्त झेपत नाही आणि मग सुरुवातीला जुळलेले ओठ पाचव्या मिनिटाला आवाजापासून सुटतात. 'कॉन्स्टंट' केलं की बहुतेक वेळा हा घोळ मिटतो. जुन्या कॉम्प्युटरवर या कामाला वेळ लागतो. मधल्या सुट्टीत लावून द्या. मूळ फाईल मात्र जपून ठेवा.

पालकांकडून येणारी तक्रार बहुधा वेगळी असते: "मॅडम, तुम्ही पाठवलेला व्हिडिओ फुटलेला दिसतो." हा व्हॉट्सअ‍ॅपचा परिणाम. नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो. त्याऐवजी अटॅचमेंटमध्ये 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, आहे तसा जातो (मर्यादा २ जीबी). गूगल ड्राइव्हवर टाकला असेल तर लगेच उघडून निराश होऊ नका. सुरुवातीला थोडा वेळ तो धूसर दिसू शकतो. डाऊनलोड करून बघा.

आता खरी अडचण. फोनवरसुद्धा अडकत असेल, तर चित्रीकरण होतानाच फ्रेम्स गळलेल्या असू शकतात. हे कुणाला आवडणार नाही, पण स्पष्ट सांगते: जी फ्रेम घेतलीच गेली नाही, ती कुठलंही अ‍ॅप परत आणू शकत नाही. 'स्मूद' करून देणारी अ‍ॅप्स दोन चित्रांच्या मधलं चित्र अंदाजाने रंगवतात. हलणाऱ्या हातांची बोटं त्यात कशीही वितळतात. तेव्हा पुढच्या वेळी फ्रेम्स गळू नयेत, हेच बघायचं.

त्या का गळतात? आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आढळलेलं कारण म्हणजे अंधार. दर सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर एका चित्राला जास्तीत जास्त एक-तीसांश सेकंद मिळतो. पडदे ओढलेल्या हॉलमध्ये तेवढा उजेड पुरला नाही की काही फोन प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतात आणि सेकंदाला २४ किंवा १५ वरच थांबतात. नाच करणारी मुलं मग धक्के खात नाचताना दिसतात. फोनला दोष देण्याआधी खिडकी उघडा. दुसरं कारण उष्णता. उन्हात क्रीडास्पर्धा घेताना फोन तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. जाड कव्हर काढा, मध्ये सावलीत ठेवा, चार्जिंगला लावून शूटिंग करू नका.

जागेचंही बघा. आयफोनच्या सेटिंगमध्येच आकडे दिलेले असतात: हाय एफिशियन्सीत १०८०पी, ३० फ्रेम्सला मिनिटाला साधारण ६० एमबी, तर फोर-केला १७० एमबी. शाळेच्या कामाला १०८०पी पुष्कळ झालं. मेमरी कार्डवर साठवत असाल तर त्यावर 'व्ही३०' लिहिलेलं बघा. ते सेकंदाला किमान ३० एमबी लिहू शकतं. स्वस्तातलं मंद कार्ड लिहिताना मागे पडतं.

चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो अडकण्याचा प्रकार नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

आणि बॅटरी संपून रेकॉर्डिंग मध्येच तुटलं, फाईल आहे पण उघडतच नाही, असं झालं तर? एमपी४ फाईलची अनुक्रमणिका बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. ती नसेल तर पानं असूनही पुस्तक उघडता येत नाही. अशी फाईल लगेच कॉम्प्युटरवर कॉपी करा. 'अनट्रंक' नावाचं साधन त्याच फोनवर, त्याच सेटिंगने घेतलेला दुसरा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून वापरून ती दुरुस्त करायचा प्रयत्न करतं. हमी नाही, पण बऱ्याचदा जमतं. आणि फाईल दिसतच नसेल, तर त्या कार्डवर नवीन काहीही शूट करू नका आणि कार्ड फॉरमॅट करायला निघालेल्या उत्साही दादाला आधी थांबवा.